डिझेलची ओली रेघ दिसेना, काय करू?

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. माझी बोट लहान आहे, इंजिन डिझेलचं, टाकी मागच्या फळ्यांखाली. पॅनेलवरचा काटा आधीच्या मालकाच्या वेळेपासून एकाच जागी अडकलेला, म्हणून मी सगळा भरवसा डिपस्टिकवर ठेवतो. ही डिपस्टिक म्हणजे स्टेनलेस स्टीलची गुळगुळीत, चकचकीत सळई आणि तिच्यावर सारख्या अंतरावर कोरलेल्या बारीक रेघा. बाहेर काढली की डिझेल कुठपर्यंत लागलंय तेच कळत नाही. उन्हात धरली तर सगळीच चमकते, सावलीत धरली तर सगळीच कोरडी वाटते. फिरवून फिरवून बघेपर्यंत डिझेल ओघळून जातं. चष्मा बदलला, रेघांमध्ये काळा रंग भरला, तो रंगही डिझेलने खाल्ला. आता मोठ्या आकड्यांची नवी सळई करून घ्यावी का?

उत्तर: आकडे मोठे करून काही साधणार नाही. आकडा तुम्हाला दिसतोच आहे. अडतंय ते ओलं कुठे संपतं आणि कोरडं कुठे सुरू होतं हे ओळखण्यात. डिझेल पातळ, फिकट, जवळजवळ पारदर्शक. गुळगुळीत स्टीलवर त्याचा थर इतका पातळ बसतो की स्टीलची चमक आणि डिझेलची चमक एक होऊन जाते. इंजिन ऑइल घट्ट असतं, वापरून काळं पडलेलं असतं, म्हणून तिथे कसलीही पट्टी चालते. डिझेलला ती चालत नाही. तेव्हा हात घालायचा तो सळईच्या पृष्ठभागाला.

आधी चमक घालवा. एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर सळईभोवती धरा आणि सळई गोल फिरवत घासा, म्हणजे ओरखडे आडवे, सळईला वळसा घालणारे पडतील. लांबीच्या दिशेने वर-खाली घासू नका. उभ्या ओरखड्यांतून डिझेल केशाकर्षणाने वर चढतं आणि पातळी असते त्यापेक्षा जास्त दाखवतं. आडवे ओरखडे त्याला आहे तिथे धरून ठेवतात. सगळं अंग एकसारखं मंद राखाडी झालं की थांबा. आता ओला भाग गडद दिसेल, कोरडा भाग फिका आणि निस्तेज. सळईला डोळ्यासमोर आडवी धरण्यापेक्षा टॉर्च बाजूने, अगदी तिरका मारा. समोरून मारलेला उजेड सळईवरून थेट डोळ्यांत येतो आणि रेघ खाऊन टाकतो. तिरक्या उजेडात ओला भाग चकाकतो आणि जिथे चकाकी तुटते ती तुमची पातळी. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं.

तरी मला विचाराल तर गोल सळई सोडून चपटी पट्टी करून घ्या. कारण दुसरी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. टाकी भरल्यावर डिप घ्यायच्या, म्हणजे सळई आत सोडून माप घ्यायच्या, नळीच्या आतल्या बाजूला डिझेल लागलेलं असतं. सळई वर येताना त्या भिंतीला घासते आणि पातळीच्या वरही ओली होते. मग तुम्ही बघता ती टाकीतली पातळी नसते, भिंतीवरचं पुसलेलं डिझेल असतं. चपटी पट्टी नळीला टेकली तरी तिच्या कडाच टेकतात, मधला भाग कोरडा राहतो. वाचायचं ते मधल्या भागावर. गोल सळईच ठेवायची असेल तर तिच्यावर दोन-तीन ठिकाणी डिझेलला टिकणाऱ्या प्लॅस्टिकच्या छोट्या कड्या घट्ट बसवा, म्हणजे सळई नळीच्या मधोमध राहील. आणि कुठलीही असो, पहिल्यांदा बुडवून काढलेली पट्टी फडक्याने स्वच्छ पुसायची, पुन्हा सरळ बुडवायची, सरळ वर काढायची आणि हे दुसरं मापच वाचायचं. इंजिन ऑइल बघताना आपण हे न चुकता करतो, डिझेल बघताना मात्र विसरतो.

चपट्या पट्टीचा खरा फायदा पुढे आहे. तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची पट्टी घ्या आणि तिला एकेक सेंटिमीटरवर दोन मिलिमीटरची आरपार भोकं पाडा, एक डावीकडे, पुढचं उजवीकडे, अशी नागमोडी, म्हणजे मोजताना गोंधळ होत नाही. पट्टी बाहेर काढून आकाशाच्या दिशेने धरा. जी भोकं डिझेलमध्ये बुडाली होती त्यांत डिझेलचा इवलासा थेंब अडकून बसलेला असतो, फिक्या पिवळ्या भिंगासारखा. त्यांच्या वरची भोकं रिकामी, त्यांतून पलीकडचं आकाश सरळ दिसतं. शेवटचं भरलेलं भोक कुठलं तेवढंच बघायचं. भिंतीला घासून लागलेला थर फार पातळ असतो, त्याने भोक भरत नाही, त्यामुळे खोटी पातळी दाखवायची भीतीही जवळजवळ नाहीशी होते. शिवाय हे थेंब ओघळून जायला वेळ घेतात, घाई करावी लागत नाही. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांना मी हीच पट्टी सांगते. दर पाचव्या भोकाशी कडेला कानशीने एक खाच मारा, अंधारात अंगठ्याच्या नखालाही लागेल.

भोकं पाडल्यावर दोन्ही बाजूंच्या कडा कानशीने नीट मोडून घ्या. धातूचा कीस टाकीत पडला की फिल्टरपर्यंत जातो.

रंगाबद्दल: साधा इनॅमल रंग डिझेलमध्ये मऊ पडून सुटतो, मार्करची शाई पुसली जाते, चिकटपट्टीचा गोंद विरघळतो. आकडे टिकवायचे तर पंचाने ठोका किंवा कोरून घ्या. रंगच हवा असेल तर दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी, तोही मॅट आणि गडद. पांढऱ्या पट्टीवर डिझेल शोधणं स्टीलवर शोधण्याइतकंच कठीण.

लाकडाची काठी हा जुना आणि चांगला उपाय आहे. सरळ रेषांचं, टणक लाकूड, वर व्हार्निश नाही, तेल नाही. डिझेल लाकडात मुरतं आणि गडद रेघ उमटते, चष्म्याशिवायही दिसते. पण लाकूड डिझेल वर ओढतं, म्हणून काठी बाहेर आली की लगेच वाचा, हातात धरून बोलत बसू नका. तळाच्या टोकाला, जिथे रेषा तुटलेल्या असतात, तिथे सगळ्यात जास्त ओढलं जातं. ते टोक इपॉक्सीने बंद करा. काठी वापरून झाली की पुसून वाऱ्यावर वाळू द्या, टाकीत ठेवू नका. काही काळाने ती सगळीच तेलकट, काळपट होते आणि ओलं-कोरडं कळेनासं होतं. तेव्हा पॉलिश पेपरने वरचा थर काढायचा. दोन काठ्या ठेवल्या तर एक कायम कोरडी मिळते.

खडू बऱ्याच जणांना ठाऊक असतो. पातळी साधारण जिथे असेल असं वाटतं तेवढ्याच भागावर खडू घासायचा, ओल्या जागी खडूचा रंग एकदम गडद होतो. अडीअडचणीला उत्तम. रोजचा उपाय म्हणून मला तो पटत नाही, कारण खडूची भुकटी थोडी थोडी टाकीत जातच राहते. त्याच कामासाठी इंधन लागलं की रंग बदलणारी पेस्ट मिळते, तिचं पातळ बोट फिरवलं की रेघ सुरीने कापल्यासारखी स्वच्छ येते. मोठ्या जहाजांवर साउंडिंग घेताना, म्हणजे टाकीतली पातळी मोजताना, टेपला अशी पेस्ट लावतात. मी इंजिनरूममध्ये शिकले ते हेच, आणि पेस्ट कमीत कमी लावायची हेही तिथेच शिकले. जाड थर लावला की तो डिझेलमध्ये धुऊन जातो आणि कडा अस्पष्ट होते.

आणि ज्यांना ओली रेघ बघायचीच नाही त्यांच्यासाठी पारदर्शक नळी. नायलॉनची, आतून साधारण सहा मिलिमीटर, ताठ. दोन्ही टोकं उघडी ठेवून ती हळूच तळापर्यंत न्यायची, क्षणभर थांबायचं, वरच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि उचलायची. टाकीत जेवढी उंची तेवढाच डिझेलचा स्तंभ नळीत उभा येतो. अंगठ्याखाली अडकलेली हवा थोडी ताणली जाते, त्यामुळे टाकी खोल असेल तर स्तंभ अर्धा-एक सेंटिमीटर खाली उतरतो. त्याचा हिशेब एकदा पट्टीशी ताडून पाहा, म्हणजे कायमचा कळेल. या नळीत आणखी एक गोष्ट दिसते: तळाला पाणी असेल तर ते डिझेलच्या खाली वेगळं उभं राहतं. बाहेर काढताना खाली फडकं धरा. डिझेल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, सांडू देऊ नका, तिथून ते पंपाने थेट पाण्यात जातं.

प्रश्न: माझ्या टाकीचा तळ बोटीच्या तळासारखाच निमुळता आहे. पट्टीवर पाव, अर्धा, पाऊण असे समान भाग आहेत. अर्ध्यावर असताना निघालो आणि अंदाजापेक्षा खूप आधी इंजिन बंद पडलं. पट्टी नीट वाचता येते, तरी असं का?

उत्तर: कारण तुमच्या पट्टीवरचं "अर्धा" हे उंचीचं अर्धं आहे, डिझेलचं नाही. टाकीचा काटछेद पार टोकापर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारखा असेल तर अर्ध्या उंचीला फक्त पाव टाकी डिझेल असतं. पाव उंचीला तर सोळावा हिस्सा. तुमच्या टाकीला तळाशी थोडी सपाटी असेल, त्यामुळे इतकं टोक गाठलं जात नसेल, पण दिशा हीच. आडव्या ठेवलेल्या गोल टाकीचं वागणं आणखी वेगळं: अर्ध्या उंचीला बरोबर अर्धी, पण पाव उंचीला जेमतेम वीस टक्के आणि दहाव्या भागाला पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शेवटचे काही सेंटिमीटर दिसतात तेवढे भरवशाचे नसतात. बरोबर त्याच वेळी आपल्याला त्यांची गरज असते, म्हणून हे मी इतकं लावून धरते.

पट्टीवर अपूर्णांक ठेवूच नका, लिटर ठेवा. चौकोनी टाकीचा हिशेब कागदावर होतो: आतून शंभर सेंटिमीटर लांब आणि पन्नास रुंद असेल तर एका सेंटिमीटरला पाच लिटर. बाकी कुठल्याही आकाराला कागद सोडा आणि प्रत्यक्ष भरून खुणा करा. साफसफाईसाठी टाकी रिकामी कराल ती संधी धरा. वीस-वीस लिटर मोजून ओता, दर वेळी थोडं थांबा, मगच डिप घेऊन खूण करा. थांबायचं अशासाठी की टाकीत भोकं असलेले उभे पत्रे, म्हणजे बॅफल, असतात आणि त्यांच्या भोकांतून डिझेल सगळीकडे सारखं व्हायला वेळ लागतो. तळाशी वीसऐवजी दहा लिटरची खूण करा. बोट त्या वेळी नेहमीच्या वजनाने, नेहमीसारखी पाण्यात बसलेली असावी. जमिनीवर ठोकळ्यांवर चढवलेल्या बोटीचं नाक वर-खाली झालेलं असू शकतं आणि मग सगळ्या खुणा चुकतात.

टाकी रिकामी करणं जमणार नसेल तर वही ठेवा. प्रत्येक वेळी डिझेल भरण्याआधीची उंची, भरल्यानंतरची उंची आणि पंपाच्या मीटरवरचे लिटर. अशा नोंदी साठत गेल्या की टाकीचा नकाशा आपोआप तयार होतो, आणि तो कुठल्याही गणितापेक्षा खरा असतो, कारण त्यात बॅफल, वाकलेले कोपरे, सगळं येऊन जातं.

दोन गोष्टी मात्र तपासाच. तुमची डिप घ्यायची नळी सरळ उभी आहे की तिरकी? तीस अंश तिरकी असेल तर पट्टी पंधरा टक्के जास्त लांबीपर्यंत ओली होते. प्रत्यक्ष भरून केलेल्या खुणांत हा फरक धरला गेलेला असतो, पण सरळ नळीसाठी केलेली पट्टी तिरक्या नळीत वापरली की ती रोज जास्तीचं डिझेल दाखवणार. दुसरी गोष्ट, इंजिन डिझेल ओढतं ती नळी टाकीच्या तळाला टेकलेली नसते. गाळ आणि पाणी ओढलं जाऊ नये म्हणून ती मुद्दाम वर ठेवलेली असते. तिच्या तोंडाखालचं डिझेल तुमचं नाही. लाटांवर बोट डोलायला लागली की त्याच्या बरंच आधी नळीचं तोंड उघडं पडतं, इंजिन हवा घेतं आणि बंद पडतं. मग टाकीत डिझेल ओतूनही ते चालू होत नाही, आधी लाइनमधली एअर काढत बसावं लागतं, आणि बोट तोवर वाऱ्याच्या हाती असते. तेव्हा ओढनळीचं तोंड ज्या उंचीला आहे तिच्या वर चांगली चार बोटं जागा सोडून पट्टीला दोन्ही कडांनी खोल खाच मारा. ती खाच म्हणजे तुमची टाकी रिकामी. प्रवास ठरवताना एक भाग जायला, एक भाग यायला आणि एक भाग राखीव हा दर्यावर्दींचा जुना नियम त्या खाचेच्या वरच्या डिझेलला लावा, सगळ्या टाकीला नाही.

प्रश्न: ताई, डिपस्टिक बाहेर काढली की खालच्या टोकाला काळा, बुळबुळीत चिकटा येतो. पुसून टाकतो, पुढच्या वेळी पुन्हा तेच. याने माप चुकतं का?

उत्तर: माप फारसं चुकत नाही, पण पट्टीने तुम्हाला मापापेक्षा मोठी बातमी दिली आहे. टाकीच्या तळाला पाणी साचलंय. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ८२० ते ८६० ग्रॅम, त्यामुळे पाणी तळाशी जातं आणि जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना टेकतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात. हा चिकटा म्हणजे त्यांची वस्ती. समुद्र खवळला की तो तळापासून सुटतो आणि फिल्टर चोंदवतो. इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच हे घडतं.

पाणी किती आहे ते पट्टीच सांगेल. पाणी दाखवणारी वेगळी पेस्ट मिळते. ती डिझेलमध्ये रंग बदलत नाही, पाण्यातच बदलते. पट्टीच्या तळाकडच्या पाच-सात सेंटिमीटरवर तिचा पातळ हात फिरवा, पट्टी तळाला हलकेच टेकवा, पेस्टच्या डब्यावर सांगितलेला वेळ धरून ठेवा आणि वर काढा. रंग बदलला तेवढी पाण्याची उंची. बोट किनाऱ्याला शांत उभी असताना, रात्र गेल्यावर सकाळी, इंजिन चालू करण्याआधी हे करा. हलवलेल्या टाकीत पाणी थेंबाथेंबाने मिसळलेलं असतं, पेस्टला सापडत नाही.

मग पाणी काढा: टाकीला निचऱ्याचा नळ असेल तर तिथून, नसेल तर तळापर्यंत नळी घालून हातपंपाने. सूक्ष्मजीव मारण्याचं औषध त्यानंतर, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच. पाणी तसंच ठेवून नुसतं औषध ओतण्यात अर्थ नाही. मेलेला चिकटाही फिल्टरमध्येच येतो, म्हणून जादा फिल्टर जवळ ठेवा. आणि पाणी आलं कुठून ते शोधा. डेकवरच्या झाकणाची रबरी रिंग हाताने चाचपून बघा, ती चपटी पडलेली किंवा तडकलेली असली की डेक धुताना, पावसात, लाटेने पाणी थेट टाकीत जातं. रिंग बदलल्याशिवाय बाकी काही करू नका.

पट्टी तळाला "टेकवा" म्हणाले, आपटू नका. रोज एकाच जागी धातूचं टोक आपटत राहिलं की टाकीचा पत्रा तिथे झिजतो. जहाजांवर म्हणूनच साउंडिंग पाइपखाली मुद्दाम जाड पत्रा वेल्ड केलेला असतो. लहान बोटीच्या टाकीत तो बहुधा नसतो. तुमच्या पट्टीच्या टोकाला नायलॉनची गोल टोपी बसवा, आणि ती बसवल्यावर मापाच्या खुणा पुन्हा ताडा. पितळेची किंवा जस्त चढवलेली सळई टाकीत कायमची ठेवू नका. तांब्याने डिझेल लवकर खराब होतं आणि जस्ताशीही त्याचं जमत नाही.

प्रश्न: माझी बोट पेट्रोलची आहे. भोकांची पट्टी, खडू, टॉर्च, हे सगळं मीही करू का?

उत्तर: तसंच्या तसं नको. पेट्रोल पट्टीवरून बघता बघता उडून जातं, त्यामुळे रेघ वाचायला वेळच मिळत नाही. इथे रंग बदलणारी पेस्ट उपयोगी, कारण पेट्रोल उडालं तरी तिच्यावरची खूण राहते. न रंगवलेली लाकडाची काठीही चालते. प्लॅस्टिकची पट्टी किंवा मघाशी सांगितलेली नळी पेट्रोलला वापरू नका. फडक्याने पुसताना प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि तिची ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पुरते. धातूची पट्टी असेल तर आत घालण्याआधी ती टाकीच्या धातूच्या तोंडाला टेकवा आणि आत-बाहेर करताना टेकलेलीच राहू द्या.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून न जाता बिल्जमध्ये उतरून बसते. डिप घेताना इंजिन बंद, स्टोव्ह बंद, बॅटरीचे स्विच हाताळायचे नाहीत, साधा टॉर्च आणि मोबाइल लांब. दिवसाउजेडी मोजा. टाकीचं झाकण लावल्यावर डेकवरचे हॅच, म्हणजे झडपा, उघडे ठेवा, ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, असेल तर इंजिन चालू करण्याआधी तो चांगला चार-पाच मिनिटं चालवा. पट्टी आणि ओलं फडकं केबिनमध्ये न्यायचं नाही, बाहेर उघड्यावर वाळवायचं.

प्रश्न: आमच्या बोटीला उजवी-डावी अशा दोन टाक्या. उजव्या टाकीवर इंजिन चालवलं, तर थोड्या तासांनी डाव्या टाकीची पातळी वाढलेली दिसते. माप घेण्यात चूक होत असेल का? आणि लाटांत माप घ्यायचं कसं?

उत्तर: माप बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. डिझेल इंजिन टाकीतून ओढतं त्यातलं थोडंच जाळतं, बाकीचं इंजेक्टर आणि पंपाकडून रिटर्न लाइनने परत टाकीत येतं. तुमची रिटर्न लाइन डाव्या टाकीला जोडलेली असेल तर उजवी जळण्यापेक्षा जास्त वेगाने उतरणार आणि डावी चढणार. डावी आधीच काठोकाठ असेल तर जादा डिझेल तिच्या हवेच्या नळीतून बाहेर, म्हणजे पाण्यात. नळी हाताने धरून इंजिनापासून टाकीपर्यंत माग काढा. वाटेत निवड करायचा कॉक असेल तर ज्या टाकीतून ओढता तिच्याकडेच रिटर्नही वळवा. कॉक नसेल तर ज्या टाकीत रिटर्न येतं ती आधी वापरायला घ्या.

पातळी वाढण्याचं आणखी एक साधं कारण असतं, तेही माहीत असू द्या. डिझेल एका अंशाला साधारण ०.०८ टक्के फुगतं. सकाळी थंडीत दोनशे लिटर भरलेली टाकी दुपारी वीस अंशांनी तापली तर तीन लिटरहून थोडं जास्तच फुगेल. म्हणून गळ्यापर्यंत भरायचं नाही.

लाटांत माप घेणं टाळता आलं तर टाळा. घ्यावंच लागलं तर वेग कमी करा, बोट अशा दिशेला धरा की ती कमीत कमी डोलेल, आणि चार-पाच मापं घेऊन मधलं धरा. सगळ्यात मोठं माप खरं मानायचा मोह होतो, तो आवरा. डिप घ्यायचं तोंड टाकीच्या मधोमध असेल तर बोट कलल्याने फारसा फरक पडत नाही. कोपऱ्यात असेल तर कललेल्या बोटीतलं माप धरूच नका. शिडाच्या बोटीवर एकाच बाजूला कलून तासन् तास चालत असाल तर दोन्ही टाक्यांची मापं दिशा बदलतानाच्या सरळ क्षणी घ्या.

लाटांतलं माप ताडून बघायला इंजिनाचे तास असतातच. डिझेल इंजिन एका किलोवॅटला तासाला साधारण पाव लिटर ते तीनशे मिलिलिटर खातं, म्हणजे वीस किलोवॅटची ताकद लागत असेल तर तासाला पाच ते सहा लिटर. तास गुणिले खप हा आकडा आणि पट्टीचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहा, दोन टाक्यांचे दोन रकाने आणि बेरजेचा तिसरा. बेरीज खपाशी जुळत असेल तर डिझेल फक्त इकडून तिकडे जातंय. जुळत नसेल, पट्टी सतत कमी दाखवत असेल, तर पुढची फेरी थांबवा आणि इंजिनाखालच्या ट्रेमध्ये, बिल्जमध्ये आणि ऑइलमध्ये बघा. इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घ्या. फुटलेल्या पंप-सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरत असेल तर ऑइलची पातळी वाढलेली आणि ऑइल पातळ झालेलं सापडेल. तसं असलं तर इंजिन चालू करू नका, सील बदलून, ऑइल काढून नवं भरल्यावरच करा.